सोपो, घरपट्टी आणि आराखडा : लहान धंद्याची तिहेरी गाठ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भल्या पहाटे जो कोणी गेला असेल, त्याने तेथील लगबग पाहिलीच असेल. बार्देश, पेडणे, डिचोली या तालुक्यांतील खेड्यांतून आलेल्या बाया टोपल्या उतरवून घेत असतात. कोणाजवळ गावठी मिरची, कोणाजवळ भिंडांच्या सोलांची पुडकी, कोणाजवळ परसातली तांबडी भाजी आणि चार नारळ. जागा पकडण्यावरून थोडी बोलाचाली होते, मग गोणपाट अंथरले जाते व विक्री सुरू होते. ऊन थोडे वर आले, की पावत्यांचे पुस्तक घेतलेला एक माणूस रांगेतून फिरू लागतो. तो सोपो गोळा करतो. बाजारात बसण्याच्या जागेबद्दल जी रक्कम द्यावी लागते, तिला गोव्यात सोपो म्हणतात, हे येथील वाचकांना सांगावयास नकोच.

शासन आणि लहान व्यावसायिक यांची पहिली भेट होते ती अशी, बाजाराच्या फरशीवर. दिल्लीचा अर्थसंकल्प अथवा पणजीचा अर्थसंकल्प यांची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ होते. परंतु टोपलीवाली, चहाच्या गाड्याचा मालक, सायकल दुरुस्त करणारा, शिंपी, पोदेर किंवा घरच्या ओसरीवर खानावळ चालविणारी गृहिणी यांच्या मिळकतीवर प्रत्यक्ष परिणाम करणारे निर्णय बहुतेक वेळा गावच्या पंचायतघरात किंवा नगरपालिकेच्या सभागृहात होतात. आज आपल्या राज्यात १९१ ग्रामपंचायती, १३ नगरपालिका आणि पणजी शहराची महानगरपालिका आहे. या संस्था काय आकारतात, कशासाठी आकारतात आणि त्यांच्या नियोजनाचा धंद्याशी काय संबंध पोहोचतो, याची थोडी उकल करण्याचा येथे विचार आहे.

जकात गेली, पण भार कोठे गेला?

स्थानिक करांचा विषय निघाला, की जुन्या माणसांना प्रथम आठवते ती जकात. ज्यांचे सोयरेधायरे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा बेळगाव येथे आहेत, त्यांना शहराच्या वेशीवरचे जकात नाके चांगलेच ठाऊक असतील. गावात येणाऱ्या मालावर नाक्यावरच कर घ्यावयाचा, हे तिचे स्वरूप. वसूल करण्यास ती सोपी होती आणि व्यापार वाढला, की उत्पन्न आपोआप वाढत असे. म्हणूनच नगरपालिकांना ती प्रिय होती. व्यापाऱ्यांना मात्र ती जाचक वाटे, आणि लहान व्यापाऱ्यास अधिक. मोठ्या पेढीचा मुनीम नाक्यावर कागदपत्रे घेऊन हजर असे. बैलगाडीतून दोन पोती घेऊन येणाऱ्याचा अर्धा दिवस रांगेत जाई.

ही पद्धत एकाच वेळी सर्वत्र बंद झाली नाही. मध्य प्रदेशाने १९७६ मध्ये जकात रद्द करून प्रवेशकर आणला. कर्नाटकाने १९७९ मध्ये तोच मार्ग धरला. गुजरातेत प्रथम नगरपालिकांची जकात गेली आणि २००७ मध्ये बडोद्यासह महानगरपालिकांचीही गेली. महाराष्ट्रात तिच्या जागी काही वर्षे स्थानिक संस्था कर आला. मुंबईत तर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत जकातच चालू होती. त्यापूर्वी २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२ वी नोंद, म्हणजे स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची नोंद, वगळण्यात आली. जाहिरातींवरील कराची ५५ वी नोंदही त्याच दुरुस्तीत गेली.

नाके उठले ही गोष्ट स्वागतार्हच होय. पण तिची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. माल वाहता असतो, त्यावरचा कर वाहत्या पाण्यासारखा असतो. तो गेल्यावर स्थानिक संस्थांच्या हाती उरले ते मुख्यतः स्थिर वस्तूंवरील कर : जमीन, इमारत, दुकानाचा गाळा, बाजारातील जागा. उरलेली गरज अनुदानातून भागवावी लागते, आणि अनुदानाला अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी शिफारस करताना नागरी संस्थांना मालमत्ताकराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि वसुली वाढविण्याची अट घातली होती. ग्रामीण संस्थांच्या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवला होता. तेव्हा पंचायतीला दिवाबत्तीसाठी, गटारासाठी, कारकुनाच्या पगारासाठी मोकळा पैसा हवा असेल, तर तिची नजर घरपट्टीकडे, परवाना शुल्काकडे आणि सोप्याकडे वळते. यात पंचायतीचा लोभ असतो असे नाही. तिच्यासमोर दुसरे दार फारसे उघडे नसते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

वस्तू व सेवा कराबद्दलही एक गैरसमज आढळतो. केवळ मालाची विक्री करणाऱ्या व वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्यास आपल्या राज्यात सर्वसाधारणपणे त्याची नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे ‘आम्ही कोणताही कर देत नाही’ असे काही लहान दुकानदार सांगतात आणि ‘हे लोक काहीच भरत नाहीत’ असे काही सुशिक्षितही म्हणतात. दोन्ही विधाने चुकीची आहेत. घरपट्टी, परवाना, कचरा शुल्क आणि सोपो यांना उलाढालीची किमान मर्यादा नसते.

कर निराळा, शुल्क निराळे

या ठिकाणी एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. शाळांतील नागरिकशास्त्राच्या तासाला शिक्षकबंधूंनी तो अवश्य सांगावा, कारण त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. कर हा सार्वजनिक कामासाठी घेतला जातो. घरपट्टी भरणाऱ्यास ‘माझ्या पैशांचे माझ्या दारात काय केले’ असे हिशेबाने विचारता येत नाही. शुल्काचे तसे नाही. शुल्क हे एखाद्या सेवेच्या किंवा सोयीच्या बदल्यात असते. सोपो हे शुल्काच्या जातीचे आहे. तेव्हा जी बाई सोपो देते, तिला बसण्याची स्वच्छ जागा, डोक्यावर छप्पर, पिण्याचे पाणी आणि प्रसाधनगृह मागण्याचा न्याय्य आधार मिळतो. सोप्याची पावती हा त्या मागणीचा पुरावा होय. दुर्दैवाने पावती घेण्याची सवय आपल्याकडे कमी आहे. घेतली तरी ती दुपारपर्यंत मिरच्या बांधण्याच्या कामी येते!

सोपो सामान्यतः जागेच्या मापावर किंवा दिवसावर घेतला जातो. दिसावयास हे समान वाटते. पण समजुतीसाठी काही आकडे धरून पाहू. समजा, एका बाईने दिवसभरात ६०० रुपयांची भाजी विकली आणि तिला १५० रुपये सुटले. तिने २० रुपये सोपो दिला, तर तिच्या कमाईचा आठवा हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, गेला. शेजारी तेवढीच जागा अडवून बसलेल्या कापडविक्रेत्याला त्या दिवशी २,००० रुपये सुटले असतील, तर तेच २० रुपये त्याच्या मिळकतीचा शंभरावा हिस्सा होतात. दर एकच, जागा एकच. भार मात्र तेरा पटींहून अधिक. पालेभाजी ही जागा खाणारी आणि स्वस्त वस्तू आहे. नकली दागिने थोड्या जागेत मावतात आणि महाग विकले जातात. म्हणून केवळ चौरस मीटरवर दर ठरविणाऱ्या संस्थेने आपल्या परिसरातील शेतकरी बायांसाठी वेगळा, कमी दर ठेवण्याचा विचार करणे उचित ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरा प्रश्न वसुलीच्या पद्धतीचा. पुष्कळ ठिकाणी सोप्याची पावणी होते. जो अधिक बोली लावील, त्याला वर्षभर वसुलीचा हक्क मिळतो. संस्थेला ठरलेली रक्कम निश्चितपणे हाती येते, वसुलीसाठी माणसे नेमावी लागत नाहीत. परंतु ठेकेदाराने मोठी बोली लावलेली असते आणि ती रक्कम त्याला बाजारातूनच भरून काढावयाची असते. मग ठरलेल्या दराहून थोडे अधिक घेणे, ठरलेल्या जागेबाहेर रस्त्यावरही माणसे बसविणे, असे प्रकार घडण्याचा संभव निर्माण होतो. स्वतःची माणसे ठेवून वसुली करणाऱ्या संस्थांची अडचण उलटी असते : वसुली ढिली पडते आणि रजेच्या दिवशी बाजार फुकटच होतो. दोहोंपैकी कोणतीही पद्धत आपोआप चांगली नाही. मात्र बाजाराच्या तोंडाशी ठळक अक्षरांत दरफलक असणे आणि छापील, क्रमांकित पावती मिळणे, या दोन गोष्टींना खर्च फारसा येत नाही. ज्या बाजारात दरफलक नाही, तेथे तो लावावा अशी लेखी मागणी कोणीही नागरिक करू शकतो.

ओसरीवरची खानावळ

आता बाजारातून गावात येऊ. एक कल्पित उदाहरण घेऊ या. एका गृहिणीच्या हातचे हुमण वाड्यात नावाजलेले आहे. जवळच एका इमारतीचे काम सुरू आहे, तेथील पंधरा-वीस माणसांना दुपारचे जेवण हवे आहे. ओसरीवर दोन बाके टाकावी, शीतकडी द्यावी आणि घराला हातभार लावावा, असे तिला वाटते. तिच्यापुढे कोणकोणते टप्पे येतील?

पहिला प्रश्न पंचायत विचारील तो जागेचा. घराला पंचायतीचा क्रमांक आहे काय, घरपट्टी भरलेली आहे काय, आणि जमीन कोणाच्या नावावर आहे? येथेच गोव्यातील अनेक अर्ज अडखळतात. घर पिढ्यान्‌पिढ्या तिच्या सासऱ्याचे असते, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचे किंवा कोमुनिदादचे असते. कधी उताऱ्यावर दहा-बारा भाऊबंदांची नावे असतात आणि त्यांतील निम्मे मुंबईला, काही तर लिस्बनला असतात. ‘ना हरकत’ दाखला कोणाकडून आणावा, हा तिला प्रश्न पडतो. कर देण्यास ती तयार असते. कागद तिच्या हाती नसतो. ‘लोकच परवाने घेत नाहीत’ अशी तक्रार ज्या अधिकाऱ्यांच्या ओठांवर असते, त्यांनी हा भाग सहानुभूतीने पाहावा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण दिले. परंतु ज्यांनी आपली नोंद अद्याप करून घेतलेली नाही, त्यांनी ती करून घेणे धंद्याच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

जागेचा प्रश्न सुटला, की पंचायतीचा व्यवसाय परवाना, आरोग्य खात्याची संमती आणि अन्नपदार्थांची नोंदणी हे टप्पे येतात. प्रत्येकाचे शुल्क बेताचेच असते. खरा खर्च होतो तो खेपांचा. मजुरीवर जगणाऱ्या घरातील बाईने तालुक्याच्या गावी चार खेपा घातल्या, तर बसभाडे आणि बुडालेली चार दिवसांची कमाई मिळून परवान्याच्या शुल्काच्या कित्येक पट रक्कम होते. सरकारी दप्तरात ही रक्कम कोठेच लिहिली जात नाही. लोकसेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा कायदा आपल्या राज्यात २०१३ मध्ये झाला. त्याखाली अधिसूचित केलेल्या सेवांची मुदत कार्यालयात विचारून घ्यावी आणि अर्जाची पोच तारखेसह मागावी.

परवाना मिळाल्यावर घरपट्टी बदलते. राहत्या घरापेक्षा व्यापारी वापराचा दर अधिक असतो, हे रास्तच आहे. मात्र धंदा केवळ ओसरीवर असताना सबंध घराची आकारणी व्यापारी दराने झाली, तर ते रास्त नव्हे. व्यापारी वापराचा भाग मोजून वेगळा दाखवावा, असा अर्ज पंचायतीकडे करावा. आकारणीवर हरकत घेण्याची मुदत असते; ती टळून गेल्यावर पुढील वर्षी मागील थकबाकीसह मागणीपत्र येते, आणि मग संतापाला उपयोग राहत नाही.

याहूनही मोठा फटका कधी कधी कराचा नसतोच. वापर ‘व्यापारी’ ठरला, की वीज आणि पाणी यांचा वर्ग बदलतो, स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बदलते आणि कचऱ्याचे वेगळे शुल्क सुरू होते. हे सर्व निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे निर्णय आहेत, पण ते एकाच ओसरीवर येऊन पडतात. पंचायतीचा सचिव म्हणतो, ‘आमची वाढ थोडीच आहे.’ वीज खात्याचा कारकून म्हणतो, ‘दर सर्वांना तोच.’ दोघांचेही खरे असते. बेरीज मात्र त्या बाईला करावी लागते, आणि पुष्कळदा ती बेरीज पाहूनच लहान धंदा परवान्यावाचून, आडोशाने चालू राहतो. मग त्याला बँकेचे कर्ज मिळत नाही, योजनेचा लाभ मिळत नाही आणि कोणी तक्रार केली तर संरक्षणही मिळत नाही.

नकाशावरचा रंग

करांविषयी लोक बोलतात तरी. नियोजनाविषयी बोलणे अवघड वाटते, कारण ते नकाशावर असते. आपल्या राज्यात नगर व ग्रामनियोजनाचा कायदा १९७४ सालचा आहे. त्याखाली संपूर्ण राज्याचा प्रादेशिक आराखडा होतो आणि निवडक शहरी क्षेत्रांसाठी बाह्य विकास आराखडे होतात. आराखड्यात प्रत्येक जमिनीला एक विभाग मिळतो : वसाहत, बागायत, शेती, औद्योगिक वगैरे. तुमचे दुकान कोणत्या विभागात येते, यावर त्याला वाढीव बांधकामाची परवानगी मिळेल किंवा नाही, हे ठरते.

आराखडा ही केवळ तज्ज्ञांची बाब नव्हे, हे गोमंतकीयांनी एकदा ठामपणे दाखवून दिले आहे. २००६ मध्ये अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांच्या तीव्र विरोधानंतर २००७ मध्ये रद्द करण्यात आला. त्यानंतर ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार करताना गावोगावच्या ग्रामसभांत नकाशे मांडून सूचना मागविण्यात आल्या. त्या वेळी डोंगर, शेते आणि पाणी यांविषयी लोक हिरीरीने बोलले, आणि ते योग्यच होते. परंतु गावातील लोहाराचे, सुताराचे, पोदेराचे, वेल्डिंग करणाऱ्याचे काय, हा प्रश्न अशा चर्चांतून क्वचितच ऐकू येतो.

पोदेराचेच पाहा. पहाटे सायकलचा भोंगा वाजवीत येणारा पाव सर्वांना हवा असतो. तो ज्या भट्टीतून निघतो, ती भट्टी पूर्वी वाड्याच्या कडेला होती. वाडा वाढत वाढत भट्टीपर्यंत आला, शेजारी नवी इमारत उभी राहिली आणि तेथील रहिवाशांनी धुराची तक्रार केली. तक्रार खोटी नाही. पण भट्टी आधी होती, हेही खोटे नाही. अशा धंद्याला शुद्ध निवासी भागात जागा नाही असे म्हणावे, तर औद्योगिक वसाहतीत पाठवावे काय? गोवा औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींचा विचार कारखान्यांना धरून झालेला आहे. दोन मजुरांच्या भट्टीला तेथील भूखंड परवडणार नाही, आणि पहाटे चार वाजता तेथून सायकलने गावात पाव आणणेही जमणार नाही. गावाच्या वसाहत विभागातच अशा कारागिरीसाठी एखादा कोपरा राखून ठेवणे हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय दिसतो. पंचायतीच्या मालकीची थोडीशी जागा असली, तर चार गाळे बांधून ते अल्प भाड्याने देता येतील. मात्र गाळ्यांची पावणी करून सर्वाधिक बोली लावणाऱ्याला ते दिले, तर तेथे सुतार येणार नाही. मोबाईलचे दुकान येईल. उत्पन्न हवे की कारागीर हवा, हे बांधण्याआधीच ठरविलेले बरे.

रस्त्यांचा विषय तर याहून थेट आहे. महामार्ग बाजारपेठेतून रुंद केला तर दुकाने जातात आणि बाहेरून वळविला तर गिऱ्हाईक जाते. काणकोणचा वळणमार्ग २०१९ मध्ये खुला झाला आणि कारवारकडे जाणाऱ्या दूरच्या वाहनांना चावडीच्या बाजारात शिरण्याचे कारण उरले नाही. वाहतुकीच्या दृष्टीने हे सोयीचे झाले, यात संशय नाही. परंतु प्रवाशाच्या चहावर चालणारे दुकान आणि गावकऱ्याच्या वाणसामानावर चालणारे दुकान यांवर त्याचा परिणाम सारखा नसतो. पहिल्याला तो लगेच जाणवतो. फेरीबोटीच्या धक्क्यांचाही असाच अनुभव आहे. पूल झाला, की धक्क्यावरची रांग संपते आणि रांगेवर जगणारा चणेवालाही उठतो. पूल होऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण पुलाच्या अंदाजपत्रकात खांब आणि पोलाद यांचा हिशेब असतो, तेथे धक्क्यावरच्या सात-आठ गाड्यांना नव्या थांब्यापाशी जागा देण्याची एखादी ओळही असावी, एवढेच.

रस्त्याकडेचे गाडे

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत रस्त्यांलगतच्या व सार्वजनिक जागांवरील बेकायदा बांधकामांविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश दिले. रस्त्यावर दृष्टी पोहोचत नाही, पादचाऱ्याला चालावयास जागा उरत नाही, शेते बुजविली जातात, या गोष्टी आपण रोज पाहतो. त्यामुळे निर्देशांमागील काळजी समजण्याजोगी आहे. मात्र या निमित्ताने गावोगावच्या गाडेवाल्यांमध्ये एकच घबराट उडाली आणि नियम कोणता, तो कोणास लागू, याची चौकशी सुरू झाली. म्हणून थोडे स्पष्टीकरण.

पदपथावर वा रस्त्याकडेला विक्री करणे हा सरसकट गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून पथविक्री हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. पुढे २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला. त्यानुसार प्रत्येक नागरी संस्थेत नगर पथविक्रेता समिती असावयास हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी हवेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यास हटविता येत नाही, आणि स्थलांतर करावयाचे झाल्यास ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. जेथे परंपरेने बाजार भरत आला आहे, अशा नैसर्गिक बाजारांचा विचार नियोजनात करावा, असेही तो कायदा सांगतो.

हे संरक्षण विक्रेत्याला आहे, बांधकामाला नाही. चाकांचा गाडा आणि सिमेंटचा चौथरा घालून, पत्र्याचे छप्पर ठोकून पक्के केलेले दुकान, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ज्याने चाके काढून चौथरा बांधला, त्याने नकळत आपला हक्क कमी केला. शिवाय हा कायदा प्रामुख्याने नागरी क्षेत्राचा आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील गाडेवाल्यांसाठी तशी समिती नसते. तेथे पंचायतीचा परवाना आणि रस्ता ज्या खात्याचा असेल त्याची संमती यांवरच भिस्त असते. किनारी भागातील पुष्कळशी गावे आता शहरासारखीच झाली आहेत, तेव्हा ही उणीव तेथे विशेष भासते. पंचायतींनी आपल्या हद्दीतील गाड्यांची यादी करून, जागा निश्चित करून ग्रामसभेची संमती घेतली, तर पुढील कारवाईच्या वेळी कोण जुना व कोण नवा, हे तरी ठरविता येईल.

जागा आखून देणे आपल्याला जमत नाही असे नाही. चतुर्थीच्या आधी दोन-तीन दिवस भरणारा माटोळीचा बाजार पाहावा. सत्तरी, सांगे, केपे येथील रानांतून कांगले, घागऱ्या, मट्टी, आंबाडे आणि नाना फळे घेऊन बाया शहरांत येतात. कोणाला पदपथ, कोणाला मैदानाची कड नेमून दिली जाते, वाहतूक थोडी वळविली जाते, आणि चतुर्थीच्या सकाळी रस्ता पुन्हा मोकळा झालेला असतो. गावच्या जत्रेत खाजेकारांच्या आणि कापूसगोळेवाल्यांच्या दुकानांची आखणी देवस्थान व पंचायत मिळून करतात, तीही अशीच. जे तीन दिवसांसाठी दरवर्षी होते, ते आठवड्याच्या एका वारासाठी करणे अशक्य नसावे.

ग्रामसभेत कोण बोलतो?

१९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत साधारण ग्रामसभा भरतात. सभा रविवारी असते. रविवार हाच अनेक लहान व्यावसायिकांचा विक्रीचा दिवस, त्यामुळे ते येत नाहीत. त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही आणि दरवाढीचा ठराव, गाळ्यांच्या पावणीचा ठराव, बाजार हलविण्याचा ठराव विनाचर्चा संमत होतो. पुढे पावती हातात पडल्यावर चर्चा सुरू होते, ती नाक्यावर. पंचायतीच्या आकारणीविरुद्ध वा परवाना नाकारल्याबद्दल पंचायत संचालनालयाकडे दाद मागता येते, आणि कागद पाहावयाचे असल्यास २००५ च्या माहिती अधिकाराचा उपयोग होतो. परंतु दोन्ही मार्ग ग्रामसभेतील पाच मिनिटांपेक्षा लांबचे आहेत.

काही वर्षांपूर्वी एका ग्रामसभेस प्रस्तुत लेखक योजनांची माहिती सांगण्यासाठी उपस्थित होता. पंचायतीने बाजाराच्या सोप्यात वाढ सुचविली होती. एक वयस्क भाजीविक्रेती उठली. तिने वाढीला विरोध केला नाही. पदरातून तिने सोप्याच्या जुन्या पावत्यांचे एक पुडके काढले, रबराने बांधलेले, आणि सरपंचांसमोर मेजावर ठेवले. ‘हे इतके दिले,’ ती म्हणाली, ‘आता नळ कोठे बसवायचा ते दाखवा.’ सभेत हशा झाला, सरपंचही हसले. पण सचिवांनी पावत्या मोजल्या आणि नळाची मागणी इतिवृत्तात नोंदवून घेतली. वाढ संमत झाली ती शेतकरी बायांना वगळून. त्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी नळ आला. छपराचे अंदाजपत्रक तालुक्याला गेले आहे, असे अलीकडे त्या गावी गेलो असता समजले. बाया तूर्त निळे प्लास्टिक बांधून बसतात.